तिथे लग्नं लावत नाहीत

बुधवार, २ सप्टेंबर

पेंटरने आज लग्नाचं विचारलं. मी एका खुर्चीचं बूड मढवत बसले होते, ओठांत चुका धरलेल्या, त्यामुळे लगेच उत्तर देता आलं नाही. चुका म्हणजे बारीक खिळे. खुर्च्या-सोफे मढवणाऱ्या बाईचा अर्धा दिवस तोंडात चुका धरून जातो. तेवढाच वेळ मी गप्प असते.

तो म्हणाला, "बाई, मी घरी जाऊन एका माणसाचा स्वयंपाक करतो आणि तो रोज दोघांना पुरेल एवढा होतो. हे काही खरं नाही."

मी चुका तळहातावर काढल्या. "मागणी घालताय की जेवणाची तक्रार करताय?"

"दोन्ही."

चर्च रंगवायचं काम त्याच्याकडे आहे आणि बाकांच्या गाद्या मढवायचं माझ्याकडे. दोन महिने तो शिडीवर आणि मी खाली. माझ्या कापडावर पुट्टी सांडली म्हणून पहिल्या दिवशी मी त्याला असा काही झापला की दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या अंथरुणाची चादर घेऊन आला, माझ्या गाद्यांवर पांघरायला. मला तिथेच काय ते कळलं होतं. त्याला कळायला दोन महिने लागले.

विचार करते म्हटलं. खोटं बोलले. विचार करून झालाय. पण घरात बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझा सुतार जाऊन नऊ वर्षं झाली. त्याने सांगाडे करायचे आणि मी मढवायचे, असं आमचं लग्न होतं. चांगलं लग्न होतं. हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, वाईट होतं म्हणून दुसरं करतेय.

शुक्रवार, ४ सप्टेंबर

आईंना सांगितलं. आई म्हणजे सुताराची आई. ऐंशी वर्षांच्या. रोज काठी टेकत माझ्याबरोबर दुकानात येतात आणि जुन्या खुर्च्यांतल्या चुका पकडीने उपटत बसतात. वाकडी चूक सरळ करून डब्यात टाकतात. नको म्हटलं तर म्हणतात, "वाकडं झालं म्हणून टाकून द्यायचं, तर मी आधी जायला हवी."

मी म्हटलं, "आई, पेंटरने मागणी घातलीय. मी हो म्हणणार आहे."

पक्कड थांबली नाही. "कुठे राहतो?"

"पुलाच्या पलीकडे."

"पलीकडे म्हणजे किती पलीकडे?"

"पाण्याच्या टाकीपाशी."

"तिथवर बस जाते का?"

"आई! मी लग्नाचं बोलतेय आणि तुम्ही बसचं काय विचारता?"

तेव्हा पक्कड खाली ठेवली. "बरं, लग्नाचं बोल. माझ्या मुलाला मी वर काय सांगू? तो विचारेल, माझी बायको कुठेय? मी म्हणू, एका रंगाऱ्याबरोबर मागून येतेय?"

आईंचा स्वर्ग फार तपशीलवार आहे. त्यांचा नवरा दोन लहान मुलं मागे ठेवून एकोणतिसाव्या वर्षी गेला. तो फाटकापाशी उभा आहे, डोक्यावर टोपी आहे, आणि त्याला उशीर झालेला खपत नाही. त्याच्या बाजूला आता माझा सुतार उभा आहे. दोघं आमची वाट बघताहेत.

मी म्हटलं, "तुमचा नवरा एकोणतीसचा आणि तुम्ही ऐंशीच्या. ओळखेल का तरी?"

"तोंड नाही ओळखलं तरी आवाज ओळखेल. तू तुझं बघ. दोन-दोन नवरे समोर उभे राहिले की कुणाच्या शेजारी बसशील?"

"ज्याच्याकडे गादी बरी असेल त्याच्या."

हसल्या नाहीत. जेवताना पुन्हा विचारलं, त्या टाकीपाशी शेवटची बस किती वाजता असते? म्हातारीला चौकशा फार.

रविवार, ६ सप्टेंबर

उपासना झाल्यावर धाकट्या भाऊजींकडे जेवण. भाऊजी म्हणजे सुताराचा भाऊ. त्यांच्या घरी सगळं इतकं चकचकीत असतं की आई खुर्चीच्या कडेवर बसतात. म्हणूनच आई माझ्याकडे राहतात. माझ्याकडच्या खुर्च्या फाटक्या असतात.

आईंनी आधीच सांगून ठेवलेलं दिसलं. भाऊजींनी घास बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, दादाच्या कबरीशेजारची जागा आपण तुमच्यासाठी ठेवलीय. दगडावर तुमच्या नावापुरती मोकळी जागा सोडलीय. आता तिथे कोण झोपणार?"

"तुम्ही झोपा."

जाऊबाईंना ठसका लागला. मला वाटतं तो हसण्याचा होता.

भाऊजी लाल झाले. "हा चेष्टेचा विषय नाही. देवाने जोडलेलं आहे ते."

"देवाने जोडलं आणि मरणाने तोडलं. लग्नाच्या दिवशी मी स्वतःच्या तोंडाने म्हटलंय, मरण वेगळं करीपर्यंत. त्यापुढचा शब्द दिलेला नाही. मी न दिलेला शब्द मोडला म्हणून तुम्ही मला का धरताय?"

आई पाण्याच्या पेल्याकडे बघत होत्या. येताना वाटेत म्हणाल्या, "तोंड फार चालतं तुझं."

"तुमच्याच हाताखाली तयार झालेय."

मंगळवार, ८ सप्टेंबर

पाळकसाहेबांना सरळ विचारलं. ते गाद्यांचं माप बघायला आले होते. हडकुळे, सावध, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. म्हटलं, "मेल्यानंतर नवरा-बायको राहतात का? हो की नाही सांगा, प्रवचन नको."

त्यांनी चष्मा पुसला. "हाच प्रश्न प्रभूला विचारला होता. अडचणीत टाकायला." आणि ती सात भावांची गोष्ट सांगितली. थोरला बिनमुलाचा मेला, रिवाजाप्रमाणे त्याची विधवा दुसऱ्याने केली, तो मेला, मग तिसऱ्याने, असे सातही गेले आणि शेवटी ती बाईही गेली. विचारणारे म्हणाले, आता पुनरुत्थानात ती कुणाची बायको? उत्तर मिळालं की तिथे कुणी लग्न करत नाहीत आणि कुणी लग्न करून देत नाहीत. सगळे देवदूतांसारखे असतात.

"म्हणजे नाही."

"लग्न नाही. एकमेकांना ओळखणार नाहीत असं मात्र लिहिलेलं नाही. माया संपते असंही नाही." मग म्हणाले की सगळ्या मंडळ्यांचं यावर एकमत नाही. काही जण मानतात की योग्य विधी केला तर लग्न अनंतकाळासाठी बांधलं जातं. काही फार जुन्या मंडळ्या दुसरं लग्न लावतात, पण त्यात आनंदापेक्षा क्षमेच्या प्रार्थनाच जास्त असतात.

"आणि तुम्ही कुठल्या प्रार्थना म्हणाल?"

"मी आनंदाच्या म्हणेन," ते म्हणाले. "पण घरी भांडणात हे वचन काठीसारखं वापरू नका. खरं असलं म्हणून कुणाच्याही ताटात वाढायचं नसतं."

मी ऐकून घेतलं. पण घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. तिथे लग्नं लावत नाहीत! फाटकाशी रांग नाही, हिशोब नाही, कुणाच्या शेजारी बसायचं हा प्रश्न नाही. पेंटरला सांगितलं तर तो शिडीवरूनच म्हणाला, "मग इथलं लवकर उरकू या."

बुधवार, ९ सप्टेंबर

आज मात्र त्याच वचनाचा संताप येतोय.

सकाळी सुताराची हातोडी हातात घेतली आणि मनात आलं, म्हणजे हा माझा तिथे कोण? शेजारी? ओळखीचा? बावीस वर्षं ज्याच्या घोरण्यावर मी झोपले त्याला तिथे "नमस्कार, बरे आहात ना" म्हणायचं? देवदूतांसारखं व्हायचं म्हणे. मला नाही व्हायचं. देवदूतांना पाठदुखी नसते, तर पाठ चेपून देणारा माणूस काय असतो हे त्यांना काय ठाऊक!

पेंटरशी लग्न करणार आहे. सुतारालाही सोडणार नाही. देवाला जमत नसेल तर त्याने बसून विचार करावा, त्याला वेळ भरपूर आहे.

तरी वचन आईंना ऐकवायचंच. पाळकसाहेबांच्या तोंडून.

रविवार, १३ सप्टेंबर

पाळकसाहेब आले. यायला तयार नव्हते. मी म्हटलं, नाही आलात तर गाद्या अर्ध्याच राहतील.

आईंनी चांगली साडी नेसली होती. पाळकसाहेबांनी फार हळुवारपणे सांगितलं, सात भावांपासून सगळं. माया संपत नाही, हे दोनदा सांगितलं. शेवटी आईंनी विचारलं, "म्हणजे तो तिथे माझी वाट बघत नाहीये?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "तो तिथे आनंदात आहे, आई."

"हं," आई म्हणाल्या. "माझ्याशिवाय."

ते गेल्यावर मी विचारलं, "पटलं ना?" आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. जिंकले मी. म्हातारी रुसली. रुसू दे.

गुरुवार, १७ सप्टेंबर

रुसवा लांबलाय. दुकानात येत नाहीत. जेवणाआधीची प्रार्थना रोज त्याच म्हणायच्या, मोठ्याने, देवाला कमी ऐकू येत असल्यासारखी. आता ताट समोर आलं की सरळ जेवायला लागतात.

आज ट्रंकेतून त्यांचा लग्नाचा पोशाख काढला. पांढरा, कडांना पिवळा पडलेला. मेल्यावर हाच अंगावर घालायचा, म्हणजे नवऱ्याला शोधायला लागणार नाही, असं मला पहिल्या वर्षीच बजावून ठेवलं होतं. तो माझ्यापुढे टाकला आणि म्हणाल्या, "याची उशीची खोळ शिव."

"आई, काहीतरीच काय?"

"कापड चांगलं आहे. वाया कशाला घालवायचं?"

मी कात्री लावली नाही. पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवला. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं. माझं लग्न मोडावं म्हणून हे नाटक असेल तर त्यांनी सुनेला अजून ओळखलेलं नाही. पेंटरला तारीख काढायला सांगितलंय.

सोमवार, २१ सप्टेंबर

आज सगळं निराळंच निघालं.

दुपारी मी घरी जेवायला आले तर आई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुझा पेंटर हसतो कसा?"

मला वाटलं, नवी कुरापत. "कसा म्हणजे? तोंडाने."

"पोस्टमन हसायचा तेव्हा त्याचा एक दात ओठावर यायचा," आई म्हणाल्या.

"कोण पोस्टमन?"

मग सांगितलं. नवरा गेला तेव्हा धाकटा रांगत होता. पोस्टमन गल्लीत यायचा. यांना पत्र कोण लिहिणार? पण पत्र नसलं तरी तो दारात थांबायचा, थोरल्याला सायकलची घंटी वाजवू द्यायचा. एक दिवस म्हणाला, मुलांना बाप नाही, मला घर नाही, तुम्ही विचार करा. आई म्हणाल्या, माझा नवरा आहे. त्याने विचारलं, कुठे? आईंनी वर बोट दाखवलं.

"मग?"

"मग काय. त्याने बदली करून घेतली. नवा आला तो पत्र फेकून जायचा."

मी विचारलं, "आवडायचा?"

"दात सांगितला ना तुला," त्या चिडून म्हणाल्या.

मग बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिल्या, जसं काही तिथे खरकटं होतं. "चोपन्न वर्षं मी एका माणसाची बायको म्हणून राहिले. आजारी पडले तरी म्हटलं, थोडं राहिलंय. आता तुझे पाळकसाहेब म्हणतात, तो नवराच नाही. तो मोकळा आहे, देवदूत झालाय. अगं, मग मी कुणासाठी थांबले?"

मला वाटत होतं त्या माझ्याशी भांडताहेत. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या.

मी म्हटलं, "आई, भिंतीकडे तोंड करून नका झोपू. भांडा."

"तुझ्याशी?"

"ज्याने नियम केला त्याच्याशी."

"देवाशी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या वयात?"

"त्याला सवय आहे."

बुधवार, ३० सप्टेंबर

बुधवारच्या शास्त्राभ्यासाला आई आज माझ्याबरोबर आल्या. पुढच्या बाकावर बसल्या, माझ्या नव्या गादीवर. भाऊजी आणि जाऊबाईही होते. पाळकसाहेबांनी "कुणाला काही विचारायचंय का" म्हटलं, नेहमी म्हणतात तसं, आणि नेहमीसारखं कुणी काही विचारणार नाही म्हणून पुस्तक मिटायला घेतलं. आई काठीवर उठल्या.

"त्या सात भावांच्या गोष्टीत," आई म्हणाल्या, "त्या बाईला कुणी विचारलं का?"

"काय विचारलं का, आई?"

"सात जणांनी तिला केली. सातही मेले. मग ती मेली. मग हे शहाणे विचारतात, ती कुणाची? अरे, तिलाच विचारा की! बाई, तुला यातला कोण हवाय? का कुणीच नकोय? का कोपऱ्यावरचा आठवा कुणी होता, ज्याला तू नाही म्हणालीस?"

भाऊजी पुटपुटले, "आई, बस खाली."

"बसते. उत्तर मिळालं की बसते. आणि हे तिथे लग्न-बिग्न नाही, ते मला तेव्हाच का नाही कुणी सांगितलं? मी सव्वीस वर्षांची होते! पांढरा झगा घालून सगळे पाळक माझ्या घरी येऊन सांगून गेले, धीर धर मुली, तो वाट बघतोय."

शिडीवर पेंटरचा ब्रश थांबला.

पाळकसाहेब खाली उतरून आईंच्या समोर आले. म्हणाले, "त्यांनी तुमचं सांत्वन केलं. ते चुकले की नाही हे मला सांगता येणार नाही. पण त्या बाईला कुणी विचारलं नाही, हे खरं आहे. विचारणाऱ्यांना फक्त एवढंच हवं होतं की ती कुणाच्या मालकीची. मला वाटतं, उत्तर नेमकं त्यावरच आहे. ती कुणाचीच नाही. सातांपैकी एकाचीही नाही. ती देवाची लेक आहे."

आईंनी थोडा विचार केला. "म्हणजे मी मोकळी."

"हो."

"आता? ऐंशीव्या वर्षी?"

"हो, आई."

"फार लवकर सांगितलंत," आई म्हणाल्या आणि खाली बसल्या. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. आई हसल्या नाहीत. माझा हात मात्र त्यांनी पकडला होता.

घरी आल्यावर ताट समोर आलं तेव्हा त्या डोळे मिटून म्हणाल्या, "देवा, तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तरी जेवणाबद्दल आभार."

रविवार, ४ ऑक्टोबर

आईंनी पेंटरला जेवायला बोलावलं आणि अर्धा तास उलटतपासणी घेतली. दारू? नाही. गुडघे? एक दुखतो. पहिली बायको कशी होती? पेंटर म्हणाला, "हट्टी होती. रोज आठवते." मला वाटलं, संपलं. पण आईंनी त्याला आणखी एक चमचा वाढलं.

"तिथे गेल्यावर तुम्ही कुणाच्या शेजारी बसणार?" आईंनी विचारलं.

"आई, मी आयुष्यभर शिडीवर उभा आहे. मला कुठेही बसवा."

मग आईंनी मुद्द्याचं काढलं. "टाकीपाशी जायला शेवटची बस साडेसातला असते. मी विचारून आलेय. तिथून ही रोज दुकानात येणार, रोज परत जाणार, आणि मी इथे—" पाणी प्यायल्या.

पेंटरने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बसची चौकशी कशासाठी होती ते या शिडीवरच्या माणसाला माझ्याआधी समजलं, याचा मला अजून राग आहे. "आई," तो म्हणाला, "माझं घर भाड्याचं आहे. इथल्या भिंतींना रंगाची फार गरज दिसतेय. मी इकडे राहायला आलो तर चालेल का?"

"माझ्या खोलीला पिवळा नको," आई म्हणाल्या.

शनिवार, २४ ऑक्टोबर

लग्न झालं. दुपार आहे, जाऊबाई आत भांडी घासताहेत, आणि मी विसरण्याआधी लिहून टाकते.

भाऊजी आले नाहीत. जाऊबाई एकट्या आल्या, नवा पोशाख करून, आणि म्हणाल्या, "त्यांना डोकं दुखतंय. मला नाही दुखत." माणसं मोजकीच होती, पण ज्यांना यायचं होतं ती आली होती. चर्चचा रंग वाळलेला, गाद्या मढवून झालेल्या. आमच्या दोघांचंही काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, लाजायचं काही कारण नव्हतं.

पाळकसाहेबांनी सुरुवात केली. "ही स्त्री कोण देत आहे" हा प्रश्न त्यांनी गाळला. मी काही वीस वर्षांची पोर नाही, बाप कधीच गेलाय. आधीच ठरलं होतं की ते विचारायचं नाही. ते सरळ पुढच्या वाक्यावर गेले.

काठी आपटली. "ते विचारा की," आई म्हणाल्या.

"काय, आई?"

"देणार कोण, ते. विसरलात."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? त्यांनी विचारलं, "ही स्त्री कोण देत आहे?"

आई काठी टेकत पुढे आल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी. माझ्या मुलाची बायको होती. मुलगा गेला, ही राहिली. नऊ वर्षं माझं केलं, ते कुणाची सून म्हणून नाही. ही कुणाच्या मालकीची नाही, तुम्हीच म्हणालात. पण माझी लेक आहे. वर कुणी कुणाला लग्न करून देत नाही म्हणता. मग मी इथेच देते. तिथे कुणाला काय म्हणायचं ते मी बघून घेईन."

माझ्या ओठांत चुका नव्हत्या, तरी मला एक शब्द बोलता आला नाही.

आईंनी माझा हात घेतला आणि पेंटरच्या हातावर ठेवला. प्रथा अशी की देणाऱ्याने मग मागे जाऊन बसायचं. आई गेल्या नाहीत. त्यांचा हात आमच्या हातांवर तसाच राहिला, चुका उपटून उपटून कडक झालेला. पाळकसाहेब थोडे थांबले. त्या हलत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी चष्मा नीट केला आणि पुढचं म्हणायला घेतलं. सुखात आणि दुःखात. आजारात आणि आरोग्यात. मरण तुम्हांला वेगळं करीपर्यंत.

आम्ही दोघं "हो" म्हणायच्या आत आई म्हणाल्या, "हो."